पोट सोडा, बाई!

शिवणाच्या दुकानात तिचा भारी दरारा. माप घेताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं, की टेप तसाच धरून ती ठणकावायची, "पोट सोडा, बाई! नाहीतर उद्या उसवायला माझ्याकडेच याल." कापड बेतणारी थोरली जाऊ गालात हसायची.

आणि आज हीच बाई हॉस्पिटलात धडधडीत खोटं बोलायच्या तयारीने बसली होती. स्तनातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. नंतर केमोच्या लाल औषधाचे चार डोस झाले, दोन राहिले. हे औषध कॅन्सरला मारतं, पण एखाद्याच्या हृदयालाही इजा करतं, म्हणून पाचव्या डोसआधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको. हृदय थकलेलं निघालं तर औषध बंद. औषध बंद म्हणजे गाठ परत येणार, हे तिने मनाशी पक्कं केलेलं. घरी दोन शाळकरी लेकी.

म्हणून फॉर्मवर 'दम लागतो का?' याच्यापुढे तिने ठसठशीत 'नाही' लिहिलं. धाप दिसू नये म्हणून तासभर आधी येऊन बसली. सोबत आलेली जाऊ नुसती बघत राहिली.

आत डॉक्टरीणबाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, व्रणाशेजारी गार जेल लावून मशीनचा दांडा टेकवला. पडद्यावर हृदय उघडझाप करत होतं. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"एक्कावन्न टक्के. ठोक्याला हृदय एवढं रक्त बाहेर ढकलतंय."

"पन्नासच्या वर! म्हणजे पास ना?"

"पहिल्या डोसआधी चौसष्ट होतं. खरंच दम लागत नाही?"

"छे हो! मी तर ठणठणीत."

दाराशी उभ्या जावेला राहवलं नाही. "पोट सोडा, बाई!" ती ओरडली.

घरचा भेदी! तिला असा संताप आला, की उठून एक ठेवून द्यावी. पण तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

"लागतो," ती म्हणाली. "दोन बाह्या शिवल्या की मशीन थांबवते. धाप लागू नये म्हणून झोपताना तीन उशा लागतात."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरचं 'नाही' खोडलं. "सोमवारचा पाचवा डोस थांबवायला सांगते. तसेच दोन रेटले असते, तर हे हृदय पुन्हा सावरलं नसतं. आत्ता गोळ्यांनी सावरेल, अशी आशा आहे."

"आणि गाठ?"

"तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत. तुमचे कॅन्सरचे डॉक्टर बघतील. दुसरं हृदय कुठून आणू?"

जावेने पदराने तिचं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

"रिपोर्टसाठी एकदा परत मोजते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती पुन्हा कुशीवर वळली. "घ्या," ती म्हणाली. "आता खरं माप घ्या."