हीटिंग बंद झाल्यावरची टकटक

पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या आमच्या काँक्रीटच्या इमारतीत रेडिएटरला बटण नव्हतं. गरम पाणी एका उभ्या पाइपातून तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांच्या बैठकीच्या खोल्यांमधून जायचं. फार उकडलं तर खिडकी उघडायची आणि सरकारी खर्चाने रस्ता गरम करायचा, एवढीच काय ती सोय. पाइप कुरकुरायचा, गुरगुरायचा, कधी कुणी घसा खाकरावा तसा आवाज काढायचा. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे. १९८४च्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हेनिग नवराबायकोने तेवढं दिलं, कारण त्यांच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी होतं.

एकेहार्ट हेनिग कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा आणि गुंडुला बालवाडीत शिकवायची. त्या दोघांनी ठरवलं होतं की जुलैच्या सुट्टीत हंगेरीला तळ्याकाठी तंबू टाकायचा आणि तिथून सीमा ओलांडून ऑस्ट्रियात जायचं ते कायमचं. गुंडुलाची थोरली बहीण पलीकडे, पश्चिम जर्मनीत कासेलला होती. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली तेव्हा गुंडुला शाळेत होती, आणि तेव्हापासून तिला बहीण दिसायची ती फक्त फोटोत. सापडलो तर तुरुंग, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. नुसता बेत केला तरी तुरुंगच.

पहिली टकटक झाली ती एका रविवारी दुपारी. टेबलावर कॉफी होती, केक होता आणि त्यांच्या मधोमध हंगेरीचा नकाशा. एकेहार्ट सीमेजवळच्या जंगलावर बोट ठेवून बोलत होता, तेवढ्यात रेडिएटरमधून आवाज आला. टक, टक, टक.

"हवा अडकलीय," एकेहार्ट म्हणाला. त्याने छोटी चावी आणली, रेडिएटरचा स्क्रू सैल केला आणि खाली कप धरला. फुसफुस करत हवा गेली, मागून काळं पाणी आलं. "झालं. आता महिनाभर तरी बोलायचा नाही."

दोन दिवसांनी रेडिएटर परत बोलला. एकेहार्टने पाइपाच्या पट्ट्या आवळल्या, त्यांच्याखाली जुन्या टोपीचे तुकडे कोंबले. माणूस हुशार होता, हाताने कामसू होता. टकटक थांबेना.

मग एका संध्याकाळी गुंडुला म्हणाली, "मी एक सांगते, पण हसायचं नाही."

"हसण्यासारखं असलं तर हसणार."

"आपण भाड्याचं बोलतो, तुझ्या आईच्या गुडघ्यांचं बोलतो, तेव्हा तो गप्प असतो. जायचं बोललो की ठोकतो."

एकेहार्ट हसला. मग, बायकोची खोड मोडावी म्हणून, रेडिएटरसमोर उभा राहून बटाट्याच्या सूपची कृती म्हणू लागला. कांदा, गाजर, सेलरी, सगळं यथासांग झालं. पाइप शांत. "आणि तंबू अजून घ्यायचा राहिलाय," तो त्याच सुरात पुढे म्हणाला, "म्हणजे सीमेजवळ जाऊन..."

टक, टक, टक.

त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

तुम्ही म्हणाल, रेडिएटरमध्ये कान बसवलाय असं शहाण्या माणसाला वाटतं तरी कसं? आमच्याकडे ते शहाण्या माणसालाच वाटायचं. गुप्त पोलीस खात्याच्या लोकांनी कुणाच्या दिव्यात, कुणाच्या फोनमध्ये यंत्र लपवलं होतं, याच्या गोष्टी प्रत्येक जिन्यात ऐकू यायच्या. शब्द कानावर पडला की यंत्र चालू होतं आणि चालू होताना टकटक करतं, असा हिशेब एकेहार्टने लावला. बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन तो रेडिएटरच्या मागे पालथा पडला. सापडली ती धूळ, आणि गुंडुलाचं हरवलेलं कानातलं. पाइप जमिनीत शिरतो तिथे आणि छतात शिरतो तिथे बोटभर फट होती. तिच्यात वायर नव्हती, म्हणून त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यानंतर त्या घरात जगणं म्हणजे शिक्षा झाली. जायचं बोलायचं असेल तर दोघं एल्बे नदीच्या काठाने फिरायला जात आणि तिथेही मागे वळून बघत. घरात चमचा पडला तरी गुंडुला दचकायची. बालवाडीतली पोरं विचारू लागली, बाई, तुम्ही सारख्या दाराकडे का बघता.

मे महिना उजाडला आणि सगळ्या इमारतीची हीटिंग बंद झाली. एकेहार्टच्या जिवात थोडा जीव आला. "पाण्याचा आवाज असेल तर आता थांबेल. आपण उगाच घाबरलो, असं निघालं तर मी तुला आइस्क्रीम खायला नेतो."

गुंडुला रेडिएटरशेजारी बसली. लोखंड गार होतं. ती कुजबुजली, "जुलैत आम्ही जाणार," आणि थांबली. काही झालं नाही. तिने धीर करून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "जुलैत आम्ही सीमा ओलांडणार."

टक, टक, टक. आत पाण्याचा थेंब हलत नव्हता, तरीही.

आइस्क्रीमचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

जूनमध्ये एका शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. पावाच्या रांगेतून परतताना एकेहार्टने गुंडुलाला छत्रीखाली जवळ ओढलं. "इतके महिने आपण जे बोललो ते त्यांच्याकडे पोचलंय. पुसता यायचं नाही. पण ते कुणाबद्दल होतं, हे आपल्याला ठरवता येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे तो बेत लोबेडानचा. आपण नुसतं त्याच्याबद्दल बोलत होतो."

लोबेडान खालच्या, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. बायको वारलेली, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. पुढच्या वर्षी त्यांना पेन्शन मिळणार होती, आणि आमच्याकडे पेन्शनरांना तेवढी पलीकडे जायला परवानगी मिळायची. हांबुर्गला मुलगी होती, नात होती. नातीला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. दर वसंतात ते गुंडुलाला टोमॅटोची रोपं आणून द्यायचे.

"त्यांचं नाव नको," गुंडुला म्हणाली.

"अगं, एकट्या म्हाताऱ्याचं काय वाकडं करणार ते? दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील. आपल्याला नाही सोडणार."

ती दारापर्यंत नाही नाही म्हणत राहिली. जिना चढताना गप्प झाली. मला त्या दोघांचा राग येतो, आजही येतो. पण आमच्या जिन्यात त्या वेळी असा एकही माणूस नव्हता ज्याच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगेन की यानं असं केलं नसतं.

दोघं रेडिएटरसमोर उभी राहिली. एकेहार्ट मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलला. "लोबेडान अजून तेच म्हणतोय. जुलैत हंगेरीला जाणार आणि तिथून पलीकडे. मी त्याला किती समजावलं."

आता गुंडुलाची पाळी होती. "हो," ती म्हणाली. "माझ्यासमोरही म्हणाले लोबेडानकाका. आपण त्यांच्या नादी नको लागायला."

दोघं वाट बघत राहिली. पाइप गप्प होता. सीमेचं नाव काढूनही पहिल्यांदाच तो गप्प राहिला होता. एकेहार्टने सुस्कारा सोडला. गुंडुलाला मात्र त्या शांततेचीच भीती वाटली.

मग दाराची घंटा वाजली.

दारात लोबेडान उभे होते, एका हातात पुट्टीचा डबा, दुसऱ्यात लोखंडी पाना. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आत येऊन सरळ स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. पाणी धो धो वाहू लागल्यावर हलकेच म्हणाले, "मी हंगेरीला चाललोय, हे मला आजच कळलं."

गुंडुलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पाइपाभोवती फट आहे, हेनिगबाई. तुम्ही इथे शिंकलात तरी मला खाली ऐकू येतं. म्हणून ठोकत होतो. म्हटलं, समजतील, गप्प बसतील."

"आम्हाला वाटलं, रेडिएटरमध्ये यंत्र आहे," एकेहार्ट म्हणाला.

"यंत्र? या इमारतीला लिफ्टचं यंत्र मिळत नाही, तुमच्या रेडिएटरला कुठलं मिळणार?"

"पण वर येऊन सांगायचं तरी," गुंडुला म्हणाली. तिला रडू फुटत होतं.

"सांगितलं असतं तर मला माहीत आहे असं झालं असतं. माहीत असून कळवलं नाही, त्यालाही तुरुंगच आहे. पाइपावर ठोकणाऱ्याला काही माहीत नसतं." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "हाच पाइप वर मेल्त्सरबाईंच्या खोलीत जातो. जिन्यात कोण आलं, कोण गेलं, ते खात्याला नेऊन सांगणाऱ्या त्याच. तुम्ही एरवी हळू बोलायचात, आणि शनिवार-रविवार त्या शहराबाहेरच्या आपल्या बागेत असतात. आज पावसामुळे घरीच आहेत. आणि आज तुम्ही फार मोठ्याने बोललात."

ते निघाले. दारात वळून "फट बुजवून घ्या," एवढंच म्हणाले.

पुट्टीचा डबा तसाच ओट्यावर राहिला. त्याला हात लावायचा धीर दोघांनाही झाला नाही.

सोमवारी संध्याकाळी जेवणाची पानं मांडताना जिन्यात अनोळखी बूट वाजले. एकेहार्टने हातातला पाव खाली ठेवला. बूट वर येत होते. मग थांबले. खालच्या मजल्यावर घंटा वाजली.

गुंडुला रेडिएटरपाशी जाऊन जमिनीवर बसली. आवाज स्पष्ट येत होता, शेजारी बसून बोलावं तसा.

"हंगेरीचं काय ठरलं, लोबेडान?" आवाज गोड होता, अगदी डॉक्टरसारखा.

"कुठली हंगेरी? माझा गुडघा मला बाजारापर्यंत नेत नाही."

"मग लोक असं का म्हणतात?"

"लोकांना विचारा."

"वरच्या मजल्यावरून तुम्हाला कधी काही ऐकू आलं?"

गुंडुला फटीजवळ आणखी वाकली. एकेहार्ट भिंतीला टेकून उभा होता.

"काही नाही," लोबेडान म्हणाले. "कान गेलेत माझे. रेल्वेत जन्म काढला."

"पुढच्या वर्षी पेन्शन ना? हांबुर्गला जायचा अर्ज कराल. नात किती वर्षांची झाली?" तोच आवाज पुढे म्हणाला, "तो अर्ज आमच्याच टेबलावर येतो, लोबेडान. आणि त्याआधी तुम्हाला आज आमच्याबरोबर यावं लागेल. कोट घ्या."

खाली कपाटाचं दार करकरलं.

गुंडुलाने टेबलावरचा सूपचा चमचा ओढून घेतला. एकेहार्टला कळलं तसा तो झेपावला, पण तोवर तिने पाइपावर ठोकलं होतं. टक, टक, टक.

"वेड लागलंय का तुला?" तो कुजबुजला.

"तो बेत आमचा होता, त्यांचा नाही. एवढंच सांगणार आहे मी."

खाली सगळं थांबलं होतं. मग तो गोड आवाज म्हणाला, "हे काय वाजलं?"

"हीटिंग," लोबेडान घाईने म्हणाले. "पाइपात हवा अडकते. जुनंच दुखणं आहे."

"जूनमध्ये?"

एक खुर्ची सरकली, दार उघडलं, आणि बूट जिना चढू लागले. एकेहार्ट खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं. गुंडुला भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली. घंटा वाजायच्या आत तिने दार उघडलं.