खिडकीसमोरचे चाक

मी एक जुने चाक आहे, अ‍ॅलॉयचे. मित्रांनो, गाडी दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, दिवे बघता, फार तर हॉर्न वाजवून बघता. आम्हा चाकांकडे कोण बघतो? फिरत असतो तोवर आमच्याशी कोणाला देणेघेणे नसते. आता मी एका व्हरांड्यात आडवे पडून आहे, पोटावर कोरफडीची कुंडी आहे आणि वेळच वेळ आहे. म्हणून सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतले, थंड झाल्यावर मला यंत्रावर चढवून कातले, घासले, रंगवले. आम्ही चार भावंडे एकाच गाडीला लागलो. माझ्या वाट्याला पुढची डावी बाजू आली आणि मी त्याबद्दल थोडे मिरवतही असे. कारण अंगणात गाडी उभी राहिली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमके मीच दिसत असे.

त्या खिडकीत आई असत. घरातली लेक त्यांना आई म्हणे आणि वडिलांना बाबा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आई शाळेत गाणे शिकवत आणि बाबा त्यांना रोज आणायला जात. परतताना आई गुणगुणत असत. घर आले तरी गाणे संपलेले नसे, मग बाबा इंजिन बंद करून तसेच बसून राहत. दोघे आत, आम्ही चौघे खाली, आणि सगळे अंगण गप्प. तसे दिवस पुन्हा आले नाहीत. एकदा आई सहज म्हणाल्या, की खिडकीतून चाक चकाकताना दिसले की स्वयंपाकाचा कंटाळा येत नाही. झाले! बाबांनी माझा ध्यासच घेतला. भावंडांना वरवर पाणी आणि मला साबण, ब्रश, मऊ फडके. तिघेही माझ्यावर जळत.

मग आई गेल्या. खिडकी रिकामी झाली, पण बाबांचे घासणे थांबले नाही, उलट वाढले. साबणाने समाधान होईना, तेव्हा त्यांनी न्हाणीघराच्या फरशा घासायचे अ‍ॅसिड आणले. मी आरशासारखे लखलखले. बाबा खूश, मीही खूश. पण ते अ‍ॅसिड टायर आणि माझी कड यांच्यातल्या फटीत उतरून आतला रंग खात होते, हे आम्हा दोघांनाही कळले नाही.

काही दिवसांनी माझ्यातली हवा जाऊ लागली. अगदी हळू, पण आठवडाभरात गाडी डावीकडे ओढू लागे. एका पंक्चरवाल्याने टायरात खिळा शोधला, तो मिळाला नाही. दुसऱ्याने व्हॉल्व्ह बदलला. तिसऱ्याने मला पाण्यात बुडवले, बुडबुडा दिसला नाही म्हणून लगेच वर काढले आणि थंडीने असे होतेच म्हणून सांगितले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आमची गत झाली.

एके दिवशी फाटकातून आत येताना गाडी ओढली गेली आणि तिचे दार खांबाला घासले. लेक तेव्हा दुसऱ्या घरी राहत असे. ती भेटायला आली, तो ओरखडा पाहिला आणि रागावली मात्र नाही. हळूच म्हणाली, की बाबांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, गाडी विकलेली बरी. त्यानंतर बाबा रोज सकाळी पायाचा पंप घेऊन येत आणि धापा टाकत माझ्यात हवा भरत. लेक येईल तेव्हा गाडी सरळ चालली पाहिजे, एवढीच त्यांची धडपड होती. गाडी गेली असती तर त्यांचे बाहेरचे जगच गेले असते. मला त्यांची फार दया येई.

एका सकाळी लेक न सांगता आली. बाबा माझ्याशेजारी जमिनीवर बसले होते, पंप छातीशी धरून. तिने त्यांना उठवले, पाणी दिले आणि स्वतः गाडी चालवत टायरच्या दुकानात आणली. तिथे मालकीणबाईच सगळे काम करत. सगळे त्यांना टायरवाल्या मावशी म्हणत.

मावशींनी मला गाडीवरून काढले आणि साबणाचा फेस लावून पाहिला. काही दिसेना. मग त्यांनी मला टाकीतल्या पाण्यात सोडले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

"ही हवा झिरपणारी आहे," त्या म्हणाल्या. "चहा संपेपर्यंत पाण्यावरची नजर हलवायची नाही."

चहा तळाला गेला तेव्हा माझ्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर आले. टायर उतरवल्यावर आतली कड पांढऱ्या भुकटीने खरबरीत झालेली दिसली. मावशींनी विचारले, "काका, चाक धुता कशाने?"

बाबांनी खाली मान घालून सांगितले. लाडाने बिघडलेली मुले पाहिली होती, चाक पहिल्यांदाच पाहिले, असे म्हणून मावशी हसल्या. लेक मात्र हसली नाही.

"हवा जाते हे मला का नाही सांगितलं, बाबा?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली मागितली असतीस," बाबा म्हणाले. "माझ्या हातात आता तेवढीच उरली आहे."

माझ्यात तेव्हा हवा नव्हती, तरी मला दाटून आले.

मावशींनी तारेच्या ब्रशने माझी कड चांगली घासली, बारीक पॉलिश पेपर फिरवला, सील करायचा काळा लेप लावला आणि टायर चढवून मला पुन्हा पाण्यात सोडले. या वेळी दुसरा चहाही संपला, पण पाणी हलले नाही. अ‍ॅसिड बंद, असे त्यांनी बाबांना बजावले. निघताना लेक आपणहून शेजारच्या सीटवर बसली. बाबांनी गाडी घरी आणली आणि ती अगदी नाकासमोर चालली.

त्यानंतर बाबांनी बरीच वर्षे गाडी चालवली. मग एका संध्याकाळी त्यांना समोरचे नीट दिसेना. त्यांनी गाडी रस्त्याकडेला थांबवली, लेकीला बोलावून घेतले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. तोवर ती तिने एकदाही मागितली नव्हती. पुढे गाडी भंगारात गेली, पण लेकीने मला तेवढे आपल्या व्हरांड्यात ठेवून घेतले.

मित्रांनो, चाकातली हवा कमी होत असेल तर नुसती भरत राहू नका आणि चाक बाद झाले म्हणून फेकूनही देऊ नका. ती कुठून जाते ते धीराने बघा. आणि घरातले कोणी असे हळूहळू रिते होताना दिसले, तर त्यांच्या हातातले काढून घ्यायची घाई करू नका. आधी त्यांच्या शेजारी बसा.