हरिपूरच्या पेवावरची मुलाखत

आधीच सांगून ठेवते, ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी जीभ आत्ताच्या आत्ता गळून पडू द्या! गावदेवीची आण, कृष्णामाईची आण, माझ्या उरल्यासुरल्या दातांची आण! झालं? ऐका मग.

कोरेगावचा जोतीराम. बासष्ट सालचा उन्हाळा. भावाभावात भांडण लागलं आन थोरल्यानं ह्याचं चंबूगबाळं उंबऱ्याभायेर फेकलं. बायको शालूबाई रडाया लागली. तिला जोतीराम म्हनला, "रडू नगंस. सांगलीच्या शेठजीकडं माझी नोकरी पक्की हाय. ऱ्हायाला खोलीबी हाय."

कसली पक्की आन कसलं काय! हळदीच्या शेठजीला पेवावर मानूस पायजे, एवढं नुसतं कानावर आलं हुतं. ती बिचारी त्या शब्दाव गाडीत बसली. हरिपूरच्या वाटंला चिंचंखाली तिला गाठोड्याव बसवलं आन म्हनला, "आलोच किल्ली घिऊन." आन पेढीकडं चालाया लागला. माघारी जायाला दार न्हवतं, आन म्होरं काय ते ठावं न्हवतं.

पेव म्हंजी हळद साठवायची खोल खड्ड्यातली कोठी. तोंड एक मानूस उतरंल एवढंच, पर पोट असं की हत्तीन पिलासकट आत वळून बसंल. आतला वारा वंगाळ. गडी उभ्या उभ्या गपकन पडतो. म्हनून एकानं कमरंला दोर बांधून उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. खालनं दोन हिसकं आलं की वडायचं. मधी आभाळ कोसळलं तरी वरच्यानं दोर सोडायचा न्हाई.

पेढीवर शेठजीनं इचारलं, "पेवाव काम केलंस का कवा?"

"केलंय की जी. हरिपुरातच."

"कुणासंगं?"

"हुता एक जोडीदार. वारला बिचारा."

"बरं बरं. आमचा मुकादम पारखंल तुला."

तवर मागच्या दारातनं आवाज आला, "कोन वारला म्हनलास रं?"

जोतीरामानं मान वळवली आन पयलं त्याचं पाय बघितलं. भुताचं पाय उलटं असत्यात न्हवं? ह्याचं सरळ हुतं. हिंदुराव! जित्ता! आन त्योच शेठजीचा मुकादम!

त्याचं असं झालं हुतं. लय वर्सांमागं हिंदुराव पेवात आन जोतीराम वर दोराला. रस्त्यानं कुस्ती मारलेल्या पैलवानाची मिरवणूक चालली, हलगी वाजाया लागली. जोतीरामानं दोर दगडाला गुंडाळला आन गेला बघाया. माघारी आला तवर हळद न्यायला आलेल्या गाडीवाल्यांनी हिंदुरावला भायेर काढून धुळीत निजवलेला. तोंड निळं, डोळं पांढरं. मेला समजून जोतीराम जो पळाला, त्यो कोरेगावच्या येशीत थांबला.

"शेठजी, ह्याला पेवावर नेतो," हिंदुराव म्हनला. "तितंच पारखतो."

वाटंत चिंचंखाली शालूबाई उठून उभी ऱ्हायली. "आवं, मिळाली का किल्ली?"

हिंदुरावच बोलला, "मिळंल की वहिनी. जरा दोर धरू द्या त्याला."

पेवावरचं गडी भाकरी खायाला गेलं हुतं. हिंदुरावनं कंदील खाली सोडला. जळत ऱ्हायला. म्हंजी आत वंगाळ वारा न्हाई म्हनायचा. पर त्या दिवशीबी कंदील जळतच हुता! जोतीरामानं दोर कमरंला गुंडाळाया घेतला, तर हिंदुरावनं त्यो हिसकून आपल्याच कमरंला बांधला.

"मुकादम, मला उतरवा. तुमच्या पाया पडतो."

"गप धर."

उतरला. दोर ढिला पडला. खालनं खराट्याचा आवाज आला, मग त्योबी थांबला.

"मुकादम?"

काय न्हाई.

"आवं मुकादम! हिंदुराव! बोल की रं गड्या!"

पेव गप. मानसं बोलवाया पळावं तर दोर सुटतो. धरून बसावं तर खाली गडी मरतो. आन पुन्ना मेला तर ह्या बारीला कुटं पळायचं? कोरेगावची येस बंद झालेली. घसा फुटंस्तवर वरडला. चिटपाखरू आलं न्हाई.

शेवटाला त्यानं दोर खांद्याव घेतला आन मोटंच्या बैलागत म्होरं चालाया लागला. पायाखालची माती उकरली, खांद्याचं सालटं निघालं, तोंडाला फेस आला. एकट्यानं! पैलवानाएवढा गडी एकट्यानं वडला त्यानं. मागं बघितलं तर पेवाच्या तोंडातनं हळदीनं माखलेलं पिवळं धमक टक्कुरं वर आलं. तोंडात तंबाखू, डोळं टक्क उघडं.

जोतीराम मटकन खाली बसला. "जित्ता हायस?"

"म्या एकबी हिसका दिला न्हाई. वडलंस कशाला?"

"आवाज ईना म्हनून."

हिंदुराव कडंला थुकला. "त्या दिवशी आवाजबी दिला हुता रं म्या. लय दिला."

जोतीराम दोर गुंडाळाया लागला.

सांजंला शेठजीनं इचारलं, "काय मुकादम, ठेवायचा का?"

"ठेवा. पर दोराव न्हाई. ह्यो उतरंल, दोर म्या धरीन."

जोतीरामानं 'नगं' म्हनायला तोंड उघडलं, तर दारात शालूबाई गाठोडं घिऊन उभी. त्यानं किल्ली घितली.

दुसऱ्या दिशी सकाळी दोराची गाठ मारताना त्यानं हिंदुरावच्या तोंडाकडं बघितलं. हिंदुराव हसत हुता. कसलं हसू त्ये, ह्ये काय त्याला उमगंना. डोळं मिटलं आन उतरला.

हितं थांबते. हत्तीन खरी, भुताचं पाय खरं. एक मातूर म्या पदरचं घातलं. एवढा पैलवान गडी एकट्यानं वडवतो व्हय? किल्लीची वाट बघून कटाळलेली शालू मागनं आली हुती. तिनंबी दोर धरला. ह्ये बघा, माझ्या तळव्याव वळ हाय अजून.