अर्ध्या तासाची झोप

संयोगितानं परात ऋषिराजच्या पुढ्यात सरकवली, लायटर अंकिताच्या हातात दिला आणि पोरं काही विचारायच्या आत ती परत अंथरुणावर जाऊन पडली. या व्यवहारात तिच्या पदरात पडणार होती अर्धा तास झोप. शिवाय ‘परत मटकीच का’ हे रडगाणं बंद होणार होतं, कारण ज्यानं डबा भरला त्याला डब्याला नावं ठेवता येत नाहीत. वडापावसाठी सुटे पैसे मागणंही थांबेल, हा वरचा फायदा. पोरांना वळण लागतंय असं तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण झोपेचंच होतं.

नवरा धैर्यशील ऊसतोडणीच्या यंत्रावर ड्रायव्हर. हंगाम लागला की तो कर्नाटकात, आणि आष्ट्याच्या दोन खोल्यांत ही तिघं. संयोगिता गावाबाहेर उसाच्या रोपांच्या नर्सरीत जायची. दिवसभर उकिडवं बसून ट्रेच्या खळग्यांत कोकोपीट भरायचं, त्यात उसाच्या कांडीवरचा कोंब फुटायचा एकेक डोळा ठेवायचा, वरून परत कोकोपीट. संध्याकाळी उठायच्या आधी कमरेची परवानगी घ्यावी लागे.

डब्याचं शिक्षण रविवारी उरकलं होतं. तिघांनी मिळून शेंगदाण्याची चटणी कुटली. गवार महागली की कांद्याची पात, पात महागली की झुणका, आणि अगदीच कंटाळा आला तर चटणीवर तेल नि गुळाचा खडा, असा क्रम ठरला. सहावीतली अंकिता लाटणार नि भाजणार. तिसरीतला ऋषिराज कणीक मळणार. चिखलात हात घालायची त्याला तशीही हौस, आता तीच कामाला आली. संयोगितानं सकाळी उठून फक्त दूध तापवायचं, ऋषीचा पेला भरून ओट्यावर निवायला ठेवायचा आणि परत आडवं व्हायचं.

पेला एकट्या ऋषीचा होता. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवून वजन कमी असल्याचं सांगितलं होतं, आणि दूध द्या म्हणाले होते. पिशवी एकच परवडायची. तेव्हापासून संयोगिता कोरा चहा प्यायला शिकली. अंकितालाही शिकवलं.

सुरुवातीच्या चपात्या दुपारपर्यंत चामड्यासारख्या झाल्या. घरी आल्यावर संयोगिता चप्पल काढता काढता म्हणाली,

“जबडा दुखला बाई माझा. असल्या वातड करणार असला तर उद्यापासनं मीच उठते.”

हसत म्हणाली होती. पोरं हसली नव्हती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं होतं, आणि अंकिता परात घासायला घेऊन गेली होती.

त्यानंतर चपात्या सुधारल्या. आकाराला अजून दहा कोपरे, पण दुपारी डबा उघडला तरी मऊ. इतक्या मऊ, की नर्सरीत संयोगिताच्या डब्याला गिऱ्हाईक लागलं.

नर्सरीत बायका शेडनेटखाली गोल करून जेवत, आणि आपला डबा आपणच खाल्ला तर ती बाई चिकट ठरे. त्यामुळे ज्या डब्यात चांगलं, तो त्याच्या मालकिणीच्या वाट्याला निम्माच येई. हरणाबाई पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली म्हातारी. दात मोजकेच, जीभ मात्र शाबूत. रोज आपली बाजरीची अर्धी भाकरी संयोगिताच्या हातावर ठेवायची आणि तिची चपाती उचलायची.

“माझ्या भाकरीला तुझी चपाती,” ती आजही म्हणाली. “तोट्यात कोण गं?”

“मीच की आत्ती. तुमची भाकरी लोखंड हाय.”

“मग ठिव तुझं तुझ्यापाशी.”

“घ्या ओ. पोराच्या हाताला गुण हाय माझ्या. कणीक तोच मळतोय.”

हरणाबाईनं घास हिरड्यांवर घोळवला आणि हसली.

“हाताला न्हवं पोरी. दुधाला. दशमी हाय ही.”

“काय म्हणताय.”

“पाण्याचा थेंब न्हाई हिच्यात. दुधात मळल्याली हाय. मेंढरामागं निघालो की सासू आमची हीच बांधून द्यायची, दोन दिस मऊ ऱ्हायची. मला वळखू यायचं न्हाई व्हय? म्या म्हणलं, आष्ट्याची माणसं म्हंजे खात्यापित्या घरची.”

बाकीच्या बायका हसल्या. संयोगिताही हसली. मग तिनं हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घालायचं राहून गेलं. घरात दूध येतं किती, जातं कुठं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. चहात ते नव्हतं. अंकिताला नव्हतं.

“तिखट लागलं काय गं?” हरणाबाईनं विचारलं.

“न्हाई. खावा तुमी.”

संध्याकाळी तिनं पोरांना काही विचारलं नाही. विचारायचं नाही असंही ठरवलं नव्हतं. भांडी झाली, अंकिताची गणितं झाली, आणि पाठ टेकली तेव्हा जीभही अंगाबरोबर आडवी झाली.

सकाळी तिनं दूध तापवलं, पेला भरला आणि येऊन पडली. डोळे मिटले, पण पुरते नाहीत. मधल्या दारातून ओटा दिसत होता. ऋषी पाटावर चढला. पेल्यावरची साय बोटानं उचलून त्यानं चटकन बहिणीच्या तोंडात घातली आणि पेला परातीत ओतला. सवयीचं काम होतं. थेंबही बाहेर सांडला नाही.

“आज तरी पी की रं,” अंकिता कुजबुजली. “ते डॉक्टर परत येणार हाईत वजनाला.”

“येऊ देत. लय पाणी पिऊन जातो त्या दिवशी.”

“मी सांगणार हाय मम्मीला.”

“सांग. मग ती म्हणंल मीच उठते. उठव जा.” मळता मळता तो थांबला. “आणि साय कोण खातंय रोज?”

अंकितानं गॅस लावला.

“हळू की,” ऋषी म्हणाला, “लाटणं आपटू नको. उठंल ती.”

संयोगितानं गोधडीतून एक पाय बाहेर काढला. फरशी गार होती. उठायचं, परात ओढून घ्यायची, दोघांना एकेक धपाटा द्यायचा, आणि उद्यापासून आपण मळायचं. एवढंच तर होतं. कमरेत कळ होती. ती नेहमीची. डोळ्यांत रेती भरल्यासारखं होत होतं. तव्यावर पहिली चपाती पडली आणि तिचा वास खोलीभर आला, गोडसर, दुधाचा. इतक्या दिवसांत तिला तो आला नव्हता, कारण या वेळेला ती झोपलेली असे.

पाय तसाच थोडा वेळ बाहेर राहिला. मग तिनं तो आत ओढून घेतला.

पुन्हा डोळे उघडले तेव्हा तीन डबे ओळीनं भरून ठेवलेले होते. तिचा डबा मोठा, त्यात चपात्याही जास्त. ऋषी गणवेश घालून समोर उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी होती. रिकाम्या पेल्याच्या काठावरून ओढलेली असावी, कारण ती जरा जास्तच सरळ होती.

“दूध प्यालास?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“सगळं?”

“सगळं. बघ की पेला.”

अंकिता दारात वेणीची रिबन बांधत होती. बांधून झालेली गाठ ती परत सोडू लागली.

संयोगितानं त्याच्याकडे बघितलं. एरवी बघायची त्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. मग अंगठ्यानं त्याची मिशी पुसली.

“शाना माझा,” ती म्हणाली.

त्यानं दप्तर उचललं. पट्टे लांब झाले होते म्हणून तिनं ते मागून आवळले. तिची झोप झाली होती. चपात्या मऊ झाल्या होत्या, आणि दुपारी हरणाबाईचं पोटही भरणार होतं. दप्तराच्या ओझ्यानं शर्ट मागं ताणला गेला, तेव्हा ऋषिराजच्या खांद्यांची दोन हाडं तेवढी कापडातून वर आली.