बोलायची सक्ती नाही
मास्तरांचा पाय काही थांबायला तयार नव्हता. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, इंजिन बंद, तरी तो आपला शेजारच्या सीटपुढच्या जादा ब्रेकवर टकटक करतच होता. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, म्हणून ब्रेक दोन्हीकडे. स्टिअरिंगवर ताई होत्या, वय बेचाळीस, हातात शिकाऊ लायसन्स. त्यांची पक्की परीक्षा अकरा वाजता होती आणि घड्याळात साडेदहा होत आले होते.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ताईंची अठरा वर्षं चादरी धुण्यात गेली होती. आता तिथलीच, रक्ताचे नमुने पोचवणारी व्हॅन त्यांना चालवायला मिळणार होती. अट एकच, सोमवारी सकाळी लायसन्स हातात पाहिजे. नाहीतर व्हॅन दुसऱ्याकडे आणि ताई पुन्हा चादरींकडे.

वाहतूक पोलीसबाई खिडकीशी आल्या. ताईंनी काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मॅडम, कशासाठी थांबवलं ते कळेल का?"

अगदी शिकवल्याबरहुकूम! 'पोलिसांनी अडवलं तर' हा मास्तरांचा शनिवारचा तास गाजलेला होता. थांबणं कर्तव्य, कागद दाखवणं कर्तव्य. कारण विचारणं हक्क, वाचल्याशिवाय सही न करणं हक्क. नाव, पत्ता, लायसन्स यापलीकडे बोलायची सक्ती नाही. मास्तर टेबलावर हात आपटून सांगायचे आणि लोक वहीत उतरवून घ्यायचे.

"लाल दिव्याला चौक ओलांडलात," पोलीसबाई म्हणाल्या. "शिकाऊ लायसन्सवर ही नोंद झाली की तीन महिने परीक्षा देता येत नाही. माहीत आहे ना?"

ताईंनी मान हलवली. मास्तरांनी नजर चुकवली.

कारण दिवा पिवळा झाला तेव्हा ताईंनी ब्रेककडे पाय नेलाच होता. घड्याळ बघून बघून कासावीस झालेले मास्तरच ओरडले होते, "चला चला, निघेल! दाबा!" आणि ताईंनी दाबलं. मास्तरांचं नाही ऐकायचं तर कुणाचं ऐकायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

"तुम्ही आपणहून गेलात, की यांनी सांगितलं?" पोलीसबाईंनी पेन उघडलं. "शिकवणाऱ्याने सांगितलं असेल तर नोंद त्याच्या नावावर जाते."

आणि मास्तरांच्या नावावर गेल्या वर्षीची एक नोंद आधीच होती. दुसरी झाली की शिकवण्याचा परवाना गेला. स्कूल म्हणजे तरी काय, ही एक गाडी, ते स्वतः, आणि दारातल्या टेबलावर फोन घेणारी बायको. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. मागून हॉर्न वाजत होते.

"मला यावर काही बोलायचं नाही," ताई म्हणाल्या.

मास्तर चमकले. ताई सरळ समोर बघत होत्या. साबणाच्या पाण्याने चिरा पडलेली त्यांची बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळलेली होती. मास्तरांना वाचवायला ही बाई मूग गिळून बसली होती, आणि तेही त्यांनीच शिकवलेला हक्क वापरून! खरं सांगायचं तर मास्तरांना आधी हायसंच वाटलं. लाज त्यानंतर आली, पण आली ती चांगली सणसणीत आली.

"मग नोंद तुमच्याच नावावर," म्हणत पोलीसबाई लिहू लागल्या.

"थांबा!" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी सांगितलं. त्या थांबत होत्या. मीच 'दाबा' म्हणालो."

"मास्तर!" ताई कळवळून म्हणाल्या.

पोलीसबाईंनी वाकून मास्तरांकडे नीट पाहिलं. "तुम्हाला बोलायची सक्ती नव्हती."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "अकरा वर्षं तेच शिकवतोय."

नोंद झाली. मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. परवाना त्या मिनिटापासून स्थगित, पुढचा निर्णय सुनावणीत. म्हणजे शिकाऊ माणसाशेजारी आता त्यांना बसता येणार नव्हतं. स्वतःचं साधं लायसन्स मात्र शाबूत होतं. म्हणून दोघं उतरले आणि जागा बदलून बसले.

दहा अठ्ठेचाळीस झाले होते. परीक्षेचं मैदान बारा मिनिटांवर. बायकोला काय तोंड दाखवायचं, हाच विचार मास्तरांच्या डोक्यात होता. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. नवशिक्यासारखा त्यांना घाम फुटला.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सावकाश, मास्तर," त्या म्हणाल्या. "भरपूर वेळ आहे."