साचा म्हणाला, थप्

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. मूर्तीचा नाही आणि विटेचाही नाही. पोलादी नळी मधोमध उभी चिरून केलेली दोन अर्धुकं, खाली जाड तळपट्टी आणि सगळ्यांना आवळून धरणारे दोन बोल्ट, एवढाच माझा देह. तुमच्या ओंजळीत मावेन. माझ्या कडेवर ३ हा आकडा ठोकलेला आहे, कारण आम्ही सहा भावंडं एकाच नळीतून एकाच दुपारी जन्मलो. ज्या लेथवाल्याने आम्हाला घडवलं, त्याने माझी आतली बाजू इतकी गुळगुळीत घासली की त्याला स्वतःचा चेहरा दिसला. "दाढी वाढलीय," असं म्हणून तो चार नंबरकडे वळला. माझं बालपण तिथंच संपलं.

नंतर मी जिथं आलो ती एक उंच छताची लांबलचक इमारत होती. शेजारी मोठी प्रयोगशाळा होती आणि तिथं किरणोत्सारी पदार्थांवर काम चालायचं. तिथं भांडी विसळली, हात धुतले, कामाचे कपडे धुतले, फरशी पुसली, की ते सगळं पाणी नाल्यातून आमच्या टाकीत यायचं. त्यात किरणोत्सारी अणू असायचे, पण अगदी थोडे. म्हणून त्याला कमी पातळीचा कचरा म्हणतात. मात्र थोडे म्हणजे शून्य नव्हे. ते पाणी नदीत सोडून हात झटकता येत नाहीत.

हे अणू वाईट नसतात हो. अस्वस्थ असतात. आतला अस्वस्थपणा किरणांच्या रूपाने बाहेर टाकला की ते शांत होतात. काही अणू आठवड्याभरातच होतात. काहींचं असं असतं, की तीस वर्षांत निम्मे शांत होतात, पुढच्या तीस वर्षांत उरलेल्यांतले निम्मे, आणि असंच पुढे. त्यांना उकळा, गोठवा, नाहीतर त्यांच्यावर ओरडा, त्यांची चाल बदलत नाही. माणसाच्या हातात एकच गोष्ट आहे: त्यांना अशा जागी बसवायचं, की शांत होईपर्यंत ते पाण्याबरोबर कुठे निघून जाणार नाहीत.

ती जागा म्हणजे सिमेंट. टाकीतलं पाणी आधी आटवायचं. आटून उरलेला दाट द्रव लोखंडी पिंपात घ्यायचा. त्यात अणूंना चिकटवून ठेवणारी एक चिकणमाती घालायची, मग सिमेंट, आणि पिंपातलं पातं फिरवत राहायचं. राखाडी रबडा तयार होतो. त्याला इथले लोक ग्राऊट म्हणतात. पाच पिंपं भरली की एक घाणा झाला. प्रत्येक घाण्यातला एक डाव रबडा माझ्या पोटात यायचा. पिंप फोडून आत कोणी बघू शकत नाही, पण मला उघडता येतं. पिंपांच्या पोटात काय चाललंय ते माझ्या पोटावरून कळायचं.

घाणा घालणाऱ्या माणसाला सगळे घोटकाका म्हणत. सव्वीस वर्षं ते रबडा घोटत होते. दोन हातमोजे एकावर एक, छातीवर किरण मोजणारा बिल्ला, आणि तोंडात सतत काहीतरी पुटपुटणं. मला भरण्याआधी ते आतून तेलाचा हात फिरवायचे. भरल्यावर कडेला हलक्या टिचक्या मारायचे, म्हणजे रबड्यातली हवा वर येते. सिमेंट जमताना गरम होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला फार ठाऊक आहे. संध्याकाळी सगळे घरी गेले की माझ्या पोटात हळूहळू ऊब चढायची. त्या उबेत मी खूप सुखाने राहिलो.

सकाळी काका यायचे. पान्याच्या दांड्याने माझ्यावर तीनदा ठोकायचे आणि विचारायचे, "काय म्हणता, तीन नंबर?"

घाणा जमला असेल तर मी म्हणायचो, टण्. मग सुई टोचून आणि दाबून रीतसर तपासण्या व्हायच्या, कागद भरले जायचे. पण काकांचा निकाल त्या आवाजात लागलेला असायचा. नियमच होता, चोवीस तासांनी वर पाण्याचा थेंबसुद्धा सुटा दिसता कामा नये. सुटं पाणी म्हणजे सुटे अणू.

मग एके दिवशी ताई आली. रसायनशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली, सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर. आल्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले. सिमेंट एवढंच का? माती आधी का? पातं इतकेच फेरे का?

"ताई, अहो, सव्वीस वर्षं असंच घालतोय," काका म्हणाले.

"म्हणजे सव्वीस वर्षं कुणी विचारलंच नाही?"

"विचारलं असतं तर सव्वीस घाणे तरी झाले असते का?"

भांडायचे दोघं, पण डबा खायला बाहेरच्या खोलीत एकाच बाकावर बसायचे. ताईने महिनाभर आम्हा सहाही साच्यांत लहान लहान नमुने घातले आणि नवीन प्रमाण बसवलं. चिकणमाती थोडी जास्त, सिमेंट थोडं कमी, एका पिंपात द्रव अधिक मावेल असं. विभागाच्या साहेबांनी ते वाचलं आणि सांगितलं, "एक पूर्ण घाणा घालून दाखवा. जमला तर तुमची नेमणूक पक्की करायची शिफारस मी करतो. नाही जमला तर मात्र अवघड आहे."

घाण्याच्या दिवशी आमची फरशी आरशासारखी लखलखत होती. मिक्सरखालचे गंजाचे जुने डागसुद्धा गेले होते. ताई म्हणाली, "काका, आज काय विशेष?" काका नुसते हसले.

पाच पिंपं भरली. एक डाव माझ्या पोटात आला. काकांनी टिचक्या मारल्या, ताईने माझ्यावर चिठ्ठी लावली. संध्याकाळ झाली, दिवे मालवले गेले आणि मी उबेची वाट पाहू लागलो.

ऊब आलीच नाही.

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर त्या वेळी मी ओरडलो असतो.

सकाळी काकांनी ठोकलं. "काय म्हणता, तीन नंबर?"

थप्.

त्यांनी पुन्हा ठोकलं. थप्. ओल्या मातीवर चापट मारावी तसा आवाज. ताईने सुई लावली, ती सरळ तळाला जाऊन टेकली. पिंपांची झाकणं उचलली, तर प्रत्येक पिंपात वर बोटभर पाणी तरंगत होतं.

साहेब आले. पिंपं साठवण्याच्या पक्क्या खंदकाकडे जाणारी गाडी महिन्यातून एकदाच निघायची आणि ती दोन दिवसांवर आली होती. त्यांनी पाणी पाहिलं, घड्याळ पाहिलं. वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. "वरचं पाणी टिपून घ्या आणि झाकणं लावा," ते म्हणाले. "नमुना मागच्या घाण्याचा आहे ना? तोच दाखवू. आत काय, जमेल सावकाश."

ताईचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "नाही जमलं तर, सर?"

"आणि हे असंच कागदावर गेलं तर तुमचं काय, याचा विचार केलात?"

"केला. तरी नाही लावणार झाकण. हा नमुना न जमलेला आहे, तसंच लिहिणार."

साहेबांनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं. "उद्या सकाळपर्यंत कारण सांगा," म्हणून निघून गेले. ताई वहीत खाली मान घालून बसली. तिच्या हिशेबात कुठेही चूक सापडत नव्हती.

"काका, टाकीत वेगळं काही गेलंय का?"

"नाही हो. नेहमीचंच."

आमच्याकडे एक नाल्याची वही असायची. नाल्यात जे काही ओतलं जाईल, ते तिच्यात लिहायचं, असा कडक नियम. ताईने ती उघडली. नेहमीचंच होतं. मग तिने टाकीतलं थोडं पाणी काढून तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काहीतरी आंबट आहे यात. लिंबूसत्त्वासारखं. ते असलं तर सिमेंट जमायचं नावच घेत नाही. पण इथं लिंबूसत्त्व येईल कुठून?"

काकांच्या हातातला पाना तिथंच थांबला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावापुढे एकही लाल शेरा नव्हता. तो कोरा समास ते नवीन माणसांना मुद्दाम दाखवायचे. माझ्या कडेवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "मी बोललो नाही, तर पोरीच्या नावावर बसेल रे हे."

आणि दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, ताईंचं प्रमाण बरोबर आहे. चूक माझी आहे."

"तुमची? काय केलंत?"

"गंजाचे डाग जाईनात. कपडे धुण्याच्या खोलीत लिंबूसत्त्वाची पिशवी होती. त्या सत्त्वाने मी फरशी धुतली. दोनदा. ते पाणी नाल्यात गेलं, टाकीत गेलं. वहीत लिहिलं नाही."

"का नाही लिहिलंत?"

"फरशी धुणं ते काय लिहायचं, असं वाटलं." काका खाली बघत म्हणाले. "हिचा पहिला घाणा होता. जागा चांगली दिसावी, एवढंच मनात होतं."

साहेबांनी नाल्याची वही पुढे सरकवली. काकांनी स्वतःच्या हाताने तारीख घातली, लिहिलं, आणि खाली लाल शाईने सही केली.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली होती. तिला रागवायचं होतं, पण जमेना. शेवटी म्हणाली, "काका, माझ्यासाठी एवढी फरशी धुतलीत?"

"हो."

"पुढच्या वेळी नुसतं शाब्बास म्हणा."

साहेबसुद्धा हसले. मग कुणालाच उसंत राहिली नाही. लिंबूसत्त्वाला चुना पकडतो, म्हणून ताईने आधी चार आणि पाच नंबरच्या साच्यांत चुना मिसळून पाहिला, उगीच अंदाजाने पिंपांना हात लावला नाही. दोघंही ऊबदार झाले. मग पिंपांत चुना आणि थोडं सिमेंट घातलं. पिंपं कधी काठोकाठ भरत नाहीत, म्हणून ते मावलं. रबडा अजून मऊ होता, म्हणून पाती फिरली. माझं पोटही रिकामं करून, धुऊन, नव्याने भरलं. महिन्याची गाडी मात्र आमची पिंपं न घेताच गेली. साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं, आणि त्यांनी खरं तेच दिलं.

त्या संध्याकाळी ऊब आली. उशिरा आली, पण आली.

सकाळी काकांनी पाना ताईच्या हातात दिला. "आज तुम्ही विचारा."

तिने ठोकलं. "काय म्हणता, तीन नंबर?"

इतक्या मोठ्याने टण् मी आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो.

ताईची नेमणूक पक्की झाली. काकांचा लाल शेरा वहीत राहिला. ते नवीन माणसांना आता तोच दाखवू लागले. "हे बघा," म्हणायचे, "नाल्यात थुंकलात तरी लिहायचं." ताई लगेच म्हणायची, "काका, थुंकायचं नाही, तोही नियम आहे!"

चार वर्षांनी काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली: मला. घरी टेबलावर ठेवणार होते, आत पेनं घालून. ताईने मला घासलं, पुसलं आणि किरण मोजणारं यंत्र माझ्याजवळ धरलं. त्याला सगळे किटकिट्या म्हणतात. त्याने किट किट केलं. पुन्हा घासलं. किट किट. तिसऱ्यांदा घासताना तिने फार वेळ घेतला. किट. इतक्या वर्षांत माझ्या बारीक चरांमध्ये थोडे अस्वस्थ अणू येऊन बसले होते.

"नाही नेता येणार, काका," ती म्हणाली.

"अर्धी किट तर आहे."

"काका."

"माहितेय ग. मीच शिकवलंय सगळ्यांना." त्यांनी माझ्यावर शेवटचं तीनदा ठोकलं आणि न वळता गेले.

त्यानंतरही मी पुष्कळ घाणे पाहिले. माझी भावंडं एकेक करून झिजली. आता माझी कड वाकली आहे, बोल्ट आवळले तरी खालून रबडा झिरपतो. वर्षभर मी फळीवर पडून आहे. ताईचे केस कानांजवळ पांढरे झाले आहेत. कधी जाता जाता ती माझ्यावरची धूळ पुसते, कधी विसरते. मला त्याचं वाईट वाटत नाही.

काल तिने माझ्यावर नवीन चिठ्ठी लावली. पुढच्या घाण्यात, पहिल्या पिंपात, मी स्वतः जाणार आहे. आयुष्यभर मी रबड्याला पोटात घेतलं, आता रबडा मला घेईल. माझ्या चरांतल्या त्या चार अस्वस्थ अणूंना शांत व्हायला वेळ मिळेल, आणि मी त्यांच्या सोबतीला असेन.

मित्रांनो, जाण्याआधी एक मागणं आहे. तुम्ही जे ओतता, ते कुठेतरी जातं. म्हणून काय ओतलं ते लिहून ठेवा, आणि लिहायचं राहिलं तर उशिरा का होईना, सांगा. कुठल्याही गोष्टीवर झाकण लावण्याआधी एकदा तिच्यावर ठोकून बघा, आणि उत्तर थप् आलं तर त्याला टण् म्हणू नका.

मला जरा उत्सुकता आहे. पिंप भरल्यावर दुसऱ्या सकाळी ताई पाना घेऊन येईल. सवयच आहे तिची. पिंपाच्या अंगावर तीनदा ठोकेल आणि विचारेल. त्या वेळी आजूबाजूला कुणी असेल तर नीट ऐकायला सांगा. पिंपाच्या आवाजात, आतून, थोडासा माझाही आवाज असेल.