जावयासाठी टाकलेली फळी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ट्रे आहे. चहाचा नव्हे हं! माझ्या नशिबी कपबश्या नव्हत्या, पाय होते. एका कारागिराने गळक्या पिंपाचा पत्रा कापून, ठोकून मला घडवलं आणि मी कोंबड्यांच्या शेडच्या दारात येऊन पडलो. रोज सकाळी माझ्यात जंतुनाशकाचं पाणी भरलं जाई. आत जाणाऱ्याने त्यात बूट बुडवायचे आणि मगच पुढे व्हायचं.

माझा मालक भलताच कडक. लोक त्याला ‘पायबुडव्या’ म्हणत. एकदा एक मुंगळा माझ्या काठावरून सटकला, तर मालकाने त्याला सहाही पाय धुवायला परत पाठवलं. खोटं वाटतं? मुंगळ्याला विचारा! जनावरांचे डॉक्टर तर म्हणायचे, “या शेडचा खरा राखणदार हा ट्रे.” तेव्हा मी असा फुगलो, की दार लागेना.

मग ते वाईट वर्ष आलं. आसपासच्या शेडांमध्ये कोंबड्या माना टाकू लागल्या. डॉक्टर बजावून गेले, “हा रोग माणसालाही लागतो. बाहेरचं कुणी आत नको. कोंबडी मेली तर हात लावू नका, आधी मला कळवा.”

आणि नेमके जावई आले. पायांत चकचकीत चामडी बूट. त्यांचीही कोंबड्यांची शेड होती.

“जावईबापू, पाय बुडवा,” मालक म्हणाला.

मालकीणबाई कुजबुजली, “अहो, शोभतं का? लेकीला टोमणे ऐकावे लागतील. ती फळी टाका बघू वर!”

मुंगळ्याला न सोडणारा माझा मालक तिथे विरघळला. त्याने माझ्यावर फळी टाकली. बूट टकटक करत माझ्या डोक्यावरून आत गेले. खाली मी काठोकाठ भरलेला, आणि काही उपयोग नाही!

जावई आत उभे राहून म्हणाले, “तुमच्या तरी बऱ्या आहेत ना?”

त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या मरू लागल्या होत्या. लाजेपोटी ते कुणाला बोलले नव्हते. त्या शेडमधून ते तसेच, त्याच बुटांनी आले होते.

पुढच्याच आठवड्यात आमच्या शेडमध्ये कोंबड्यांचे तुरे निळे पडले. पहिली मेलेली कोंबडी मालकीणबाईने उचलली, उघड्या हातांनी. “पिल्लू असल्यापासून वाढवलीय मी हिला,” म्हणाली. मग पांढऱ्या पोशाखातली सरकारी माणसं आली. उरलेल्या कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला. तोवर बाईला ताप चढला होता. श्वास पुरेना. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडी परत आली, ती आली नाही.

जावई भेटायला आले, ते अनवाणी. कुणी न सांगता माझ्यात उभे राहिले. किती वेळ हलेचनात. शेवटी मालक म्हणाला, “उतरा आता. शेडमध्ये कोंबडी नाही, घरात ती नाही. कुणासाठी धुताय?”

आता माझ्या तळाला गंज चढलाय. तरी मालक रोज मला भरतो आणि पाय बुडवून रिकाम्या शेडमध्ये जातो.

मित्रांनो, पाहुणा कितीही मानाचा असो, माझ्यावर फळी टाकू नका. ओले बूट वाळतात हो.